शस्त्रक्रियेपूर्वीची खूण, नंतरची पिशवी
(वार्षिक सभेतील प्रशासकीय निवेदन)



ताळेबंद सादर करण्यापूर्वी, चारचौघांत ज्याविषयी बोलणे टाळले जाते अशा एका विषयाकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. आतड्याचा कर्करोग वा आतड्यास पडलेले छिद्र यांसारख्या आजारांत कधी आतड्याचे टोक पोटावर आणून मलविसर्जनाचा नवा मार्ग करावा लागतो. त्यास स्टोमा म्हणतात. काहींचा तो काही महिन्यांनी बंद करता येतो. काहींना आयुष्यभर सांभाळावा लागतो.

आमच्याकडून झालेली एक चूक येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. एका शेतकरी भगिनीचा स्टोमा नेमका निऱ्या खोचण्याच्या जागी आला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली. पण पिशवी टिकेना, त्वचा सोलवटली आणि त्यांनी घराबाहेर पडणेच सोडले. तेव्हापासून प्रत्येक नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी आमच्या परिचारिका रुग्णास बसवून, उभे करून व वाकवून पाहतात. कमरेची रेषा, पोटाच्या घड्या व जुने व्रण टाळून, रुग्णास स्वतःला दिसेल अशा जागी त्या खूण करतात. यास खर्च काहीच येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची शिकवणही तितकीच महत्त्वाची. निरोगी स्टोमा लाल व ओलसर असतो. तो काळा पडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. सूज ओसरेपर्यंत, म्हणजे सुमारे ६ ते ८ आठवडे, त्याचे माप बदलत राहते. म्हणून पिशवीचे छिद्र मोजून कापावे. या काळात जड वजन उचलू नये. पिशवी निम्मी भरण्यापूर्वीच रिकामी करावी. पुढे स्नान, प्रवास, कामधंदा यांस आडकाठी नाही.

अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ साली डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी अशा रुग्णांना शिकविण्यासाठी नॉर्मा गिल यांना नेमले. त्या स्वतः स्टोमाधारक होत्या. अनुभवी रुग्णाचा शब्द नव्या रुग्णास किती धीर देतो, हे आम्हीही आमच्या वॉर्डात पाहिले आहे.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर शस्त्रक्रिया हा एकदाचा खर्च, पिशवी हा दरमहाचा. पहिल्यासाठी आपण सढळ हाताने देता. दुसरा रुग्णाच्या घरावर पडतो. काटकसरीपोटी पिशवी ताणून वापरली की गळती होते, त्वचा बिघडते आणि रुग्ण पुन्हा आमच्या दारी येतो. म्हणून आपल्या देणगीचा काही अंश पिशव्यांसाठी राखून ठेवण्यास अनुमती द्यावी, ही विश्वस्त व देणगीदारांस नम्र विनंती. आप्तजनांना एवढेच सांगणे, की पिशवी बदलण्यास आपणही शिकावे. घरातील एका माणसाने नाक मुरडले नाही, तर रुग्णाची मान ताठ राहते.