गाईचा जमाखर्च



गाय दूध किती देते, हे आम्ही शहरवासी प्रथम विचारतो. खरा प्रश्न असा, की वर्षअखेर तिच्या धन्याच्या हाती उरते काय?

खिलार गाय दूध बेताचेच देते. पण तिचा खोंड औताला चाले आणि बाजारात मोल आणी. ट्रॅक्टर आला आणि जमेची ती बाजूच ढासळली. १९६७ साली मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे संस्था काढली. होल्स्टीन व जर्सी वळूंच्या कृत्रिम रेतनाने संकरित गाई दारोदार गेल्या. दूध वाढले, तसा खर्चही वाढला. या गाईला हिरवा चारा, पेंड, भरपूर पाणी आणि उन्हाळ्यात सावली हवी. तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नावापुरते. जुवाखाली तो उन्हात टिकत नाही. शिवाय २०१५ पासून कायद्याने बैलाचीही कत्तल बंद, तेव्हा त्याला पोसायचे कोणी?

होल्स्टीनचे दूध पुष्कळ पण पातळ, जर्सीचे थोडे पण दाट; आणि डेअरीत भाव ठरतो तो दाटपणावर. ज्याची विहीर बारमाही, त्यालाच संकरित गाय परवडते. कोरडवाहू रानाच्या धन्याने कर्ज काढून ती आणली आणि ती वेळेवर गाभण राहिली नाही, तर भाकड महिन्यांचा चारा त्याचे घर खातो.

चरवीतले दूध सर्वांना दिसते. पेंडीची उधारी दिसत नाही. दुधाच्या भावावर कुरकुरताना आपण एवढे ध्यानी ठेवावे.