ॲम्प्लिफायर: जुना की नवा?

अबुधाबीत घरचा ॲम्प्लिफायर बंद पडला… आणि खर्च बेताचाच करायचा असेल… तर जुना घ्यावा की नवा? माझं मत जुन्याच्या बाजूनं आहे. इथं नोकरी संपली की माणसं गाशा गुंडाळून मायदेशी परततात. त्यांचे चांगले सेट मग दुबिझल या जाहिरातींच्या संकेतस्थळावर स्वस्तात मिळू शकतात. वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका. वॅट दुप्पट झाले, तरी आवाज 3 डेसिबलनंच वाढतो… म्हणजे अगदी थोडा.

कुणी म्हणेल, जुन्याला हमी कुठली? शंका रास्त आहे. इथला खरा शत्रू उष्णता. आतल्या कपॅसिटरमधला द्रव उष्णतेनं हळूहळू सुकतो. म्हणून विकणाऱ्याच्या घरीच सेट अर्धा तास वाजवून पाहा. आवाजाचं बटण सावकाश फिरवा. खरखर आली तर घाबरू नका… ती बहुधा साफसफाईनं जाते. पण एक बाजू मधेच गप्प होत असेल… किंवा गाणं थांबल्यावरही स्पीकर घुमत असेल… तर सोडून द्या. सेटच्या मागच्या पट्टीवरचा व्होल्टचा आकडाही वाचा. इथली वीज भारतासारखीच, 230 व्होल्टच्या आसपास. जपान किंवा अमेरिकेसाठी बनवलेला सेट थेट लावला, तर जळू शकतो. पुन्हा सांगतो, जुना घ्या… पण तापेपर्यंत वाजवून घ्या. विकणारा तेवढा वेळ देत नसेल, तर त्याच पैशात साधा, हमीचा नवा बरा.