पोत्याची घडण



हिंगोलीहून नर्सी जवळच. नामदेवांचे गाव म्हणून आपण सारे तेथे माथा टेकतो. नामदेवांचे घराणे शिंप्याचे. शिंपी आधी अंगाचे माप घेतो, मग कापडाला कात्री लावतो. हमालाच्या पाठीवर जे पोते येते त्याचे माप मात्र कोणाच्या अंगावरून घेतले, हे आम्ही युनियनची माणसे बरीच वर्षे विचारीत आलो आहोत.

भाव क्विंटलचा, म्हणून पोतेही क्विंटलचे, शंभर किलोंचे. वहीत एक पोते, एक ओळ. ही सोय लेखणीची झाली, पाठीची नव्हे. वस्तूची घडण पाहिली की ती करताना कोण डोळ्यांसमोर होते आणि कोण नव्हते, हे उघड होते.

१९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचविली. १९६९ साली आपल्या राज्यात माथाडी कायदा झाला. त्याच साली पवईच्या आय.आय.टी.त वस्तूंच्या घडणीचा अभ्यास करणारे केंद्र निघाले. आमचा अभ्यास मोंढ्यात झाला. हळदीच्या हंगामात थप्पीपाशी उभे राहून आम्ही विचारीत असू : कोठे दुखते? कितव्या खेपेला? शिवताना पोत्याला कान सोडले तर पकड कशी बसते? (बिनकानाचे गच्च पोते एकदा उचलून पाहावे.) विद्वान याला संशोधन म्हणोत वा न म्हणोत.

पुढे धान्याची पोती पन्नास किलोंवर आली. एका बाजारात हे घडले तेव्हा आम्ही पेढे वाटले. घाईच केली म्हणायची. पोते हलके झाले तशी थप्पी उंच झाली; दर पोत्यामागे होता, तोही निम्मा झाला. दिवसाचे ओझे तेवढेच राहिले, खेपा मात्र दुप्पट. आम्ही पोत्याचा विचार केला होता, थप्पीचा आणि दराचा केला नव्हता. तेथलाच एक म्हातारा हमाल आम्हांला म्हणाला, "साहेब, ओटा ट्रकच्या फाळक्याइतका उंच बांधा, म्हणजे चढायचंच राहणार नाही." इतकी वर्षे हे आम्हांला सुचले नव्हते.

नव्या शेडचा नकाशा मंजूर होण्याआधी दोघा हमालांना दाखवावा, अशी लेखी मागणी आम्ही तेथे केली आहे. उत्तर अजून यायचे आहे.