दादांचे ताट आणि शरीरातील घड्याळ



आज मी परीक्षेविषयी बोलणार नाही. आपल्या घरातील दादा-दादींच्या रात्रीच्या ताटाविषयी बोलणार आहे. आपल्या यावलमध्ये केळीची गाडी भरून किंवा दुकान बंद करून मुलगा घरी येतो, तेव्हा दहा वाजलेले असतात. म्हातारी माणसे तोवर जेवायची थांबतात. हे प्रेम खरे, पण त्याचा भार शरीरावर पडतो.

शरीराला घड्याळ असते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुख्य घड्याळ मेंदूत असून ते डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर लावले जाते. यकृतात आणि चरबीच्या पेशींतही घड्याळे असतात. ती जेवणाच्या वेळा पाहतात. दिवसा चरबी जमा होते, रात्री पोट रिकामे असताना ती खर्ची पडते. तेलात न्हालेले भरीत दुपारी खाल्ले तर निभते. तेच रात्री उशिरा खाल्ले की रक्तातील चरबी अधिक चढते.

उतारवयात या घड्याळाचे ठोके मंद होतात आणि ते पुढे पळू लागते. म्हणून दादांना लवकर पेंग येते नि अजानच्या आधीच जाग येते. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला की उजेडही आत कमी पोचतो. शिवाय साठलेली चरबी बाहेर पडण्याचा वेगच घटतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी 54 स्त्री-पुरुषांची सरासरी 13 वर्षे पाहणी करून हे 2019 साली मांडले. ज्यांनी आहार कमी केला नाही, त्यांचे वजन सरासरी 20 टक्के वाढले.

कुणी म्हणेल, आमचे दादा तर काडीसारखे आहेत! पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2! आपली चरबी अशी लपून राहते. तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका, रक्त तपासून घ्या.

रमजानात तर साऱ्या घराच्याच वेळा फिरतात. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी महिना लागण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटून रोजा झेपेल का ते विचारावे व गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात.

एरवी दादांना सकाळी थोडा वेळ ओट्यावर उजेडात बसवा आणि मगरिबनंतर लगेच त्यांचे ताट वाढा. ते एकटे जेवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. मग विद्यार्थी मित्रांनो, त्यांच्या शेजारी तुम्ही बसा. त्या वेळी तुम्हालाही भूक लागलेलीच असते.