पकड करणारी



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, भाषणाची सवय नाही. पण ‘मला आवडलेली स्त्री’ हा विषय मिळाला तेव्हा कबड्डीपटू स्नेहल शिंदे यांचेच नाव मनात आले.

कबड्डी म्हणजे आपला हुतुतू. आता मोठे सामने बंद सभागृहात, मॅटवर होतात. टाळ्या मिळतात त्या चढाई करणारीला. स्नेहलताई उभ्या राहतात उजव्या कोपऱ्यात. समोरची तीस सेकंद आपल्या अंगणात नाचते. हिने नजर तिच्या पायांवर ठेवायची आणि पाय टप्प्यात आला की घोटा धरायचा. क्षणभर आधी झेप घेतली तर पाय निसटतो आणि आपणच बाद! चुलीवरच्या दुधाकडे पाहणारीला हे वेगळे सांगायला नको.

2018 साली जाकार्ताला आपल्या मुली अंतिम सामन्यात इराणकडून 24-27 अशा हरल्या. पुढची आशियाई स्पर्धा 2023 मध्ये चीनमधील हांगझोऊला झाली. पहिल्याच सामन्यात चिनी तैपेईशी 34-34 अशी बरोबरी. 7 ऑक्टोबरला अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर, आणि आपण 26-25 असे जिंकलो. एका गुणाने! भारताचे त्या स्पर्धेतले ते शंभरावे पदक. त्या संघात स्नेहलताई होत्या.

आता पोटाचे बोलते. पुरुषांची व्यावसायिक लीग 2014 पासून चालते. 2023 मध्ये पुण्याच्या संघाने पकडीत तरबेज अशा शादलुई नावाच्या इराणी खेळाडूसाठी 2 कोटी 35 लाख रुपये मोजले. बायकांसाठी 2016 साली तीन संघ केले, हैदराबादला अंतिम सामना झाला. पुढच्या वर्षी काही ते भरले नाही. पकड तीच, घोटा तोच, मग हा फरक का? खेळणाऱ्या मुलींना रेल्वेसारख्या नोकरीचाच आधार धरावा लागतो.

आणि तिथवर पोहोचायला आधी मैदान तर हवे! आमच्या गल्लीतल्या दोघी शाळेत छान पकडी करीत. नववीत गेल्या आणि घरच्यांनी खेळ बंद केला. एकीची आई म्हणाली, “गुडघे फुटले तर उद्या पाहायला आलेल्यांना काय सांगू?” मी म्हटले, “वहिनी, शेतात खुरपताना फुटतात त्याचे काय सांगता?” त्या हसल्या, पण हो काही म्हणाल्या नाहीत.

आपल्या बदनापुरात मुलींसाठी संध्याकाळी एक तास मैदान राखून ठेवावे, म्हणून मंडळाने शाळेला अर्ज करावा, असे मी सुचवते. कोणी मोठे माणूस हवे असेल तर भाजी निवडायला घेऊन मी रोज कडेला बसेन.