लोणारचा पाषाण
(चांदवड येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या चांदवडचा डोंगर ज्या काळ्या पाषाणाचा, त्याच पाषाणात बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर म्हणजे ज्वालामुखीचे मुख, असे आम्ही अनेक वर्षे वर्गात शिकविले. ते चूक होते, हे आज सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९७३ साली फ्रेडरिकसन प्रभृती संशोधकांनी तेथील दगडांत आघाताने काच बनलेले फेल्स्पार हे खनिज दाखविले. तसा आघात ज्वालामुखीचा नव्हे, उल्केचाच. परंतु किती दाबाने काय घडते, हे कसे कळावे? चंद्रावरील काळी मैदानेही याच जातीच्या पाषाणाची. म्हणून अमेरिकेत हर्त्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६-७७ च्या सुमारास लोणारचा पाषाण आणि अपोलो-१७ ने आणलेला चंद्रपाषाण यांवर तोफेसारख्या यंत्रातून धातूच्या चकत्या अतिवेगाने आदळविल्या. वातावरणाच्या सुमारे दोन लक्ष पट दाबापुढे फेल्स्पार न वितळताच काच होते. स्फटिकाचा बाह्य आकार राहतो, आतील रचना मोडते. आठ लक्ष पटींपुढे सारा दगडच वितळतो.

हे सिद्ध झाल्यावरही आम्ही जुनाच पाठ सांगत राहिलो. आमच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांनी निदान आपल्या मुलांना तो दुरुस्त करून सांगावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.