घरपट्टी कुणाच्या फायद्याची?

(अमरावतीत महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बजेटचा विषय निघाला की आपल्या बैठकीत सुस्ती येते. पोटगीवर, दारूवर, मारहाणीवर आपण तासन् तास बोलतो. आकडे आले की, "ताई, ते तुमीच सांगा, आमाले काय समजते!" असं होतं. किराणावाल्याची उधारी आणि बचत गटाचं व्याज जिला तोंडपाठ असतं, तीच बाई हे म्हणते. म्हणून आज सगळं बजेट सांगत बसत नाही. त्यातली एकच ओळ घेते, घरपट्टीची. आणि थोडं न आवडणारं बोलणार आहे.

शेजारच्या अकोल्याचं उदाहरण घेऊ. तिथे महापालिका झाली १ ऑक्टोबर २००१ रोजी. त्यानंतर सोळा वर्षं घरपट्टीत वाढच झाली नाही. या सोळा वर्षांत गहू, तेल, गॅस, मुलांची फी, सगळं वाढलं. घरपट्टी तेवढी जिथल्या तिथे. कोणत्याही पक्षाला ती वाढवून मतं गमवायची नव्हती. मग २०१७ मध्ये महापालिकेनं फेरआकारणी करून ती एकदम वाढवली. साहजिकच ओरड झाली. एका नगरसेवकानं न्यायालयात धाव घेतली आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ही वाढ रद्द केली. महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथला निकाल लागला डिसेंबर २०२५ मध्ये, महापालिकेच्या बाजूनं. कर किती घ्यायचा हे महापालिकेनं ठरवायचं, तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं असेल तर वेळच्या वेळी कर वाढवावा लागणारच, असा त्या निकालाचा आशय आहे.

म्हणजे सोळा वर्षं गप्प आणि पुढची जवळजवळ आठ वर्षं भांडण. या भांडणात पक्ष बोलले, घरमालक बोलले, वकील बोलले. रस्ता झाडणारी बाई, भाजी विकणारी बाई, हद्दवाढीत शहरात ओढली गेलेली बाई यांचं या घरपट्टीशी काही देणंघेणं आहे, असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. मला वाटतं, सगळ्यात जास्त देणंघेणं त्यांचंच आहे.

महापालिकेकडे पैसा दोन प्रकारचा येतो. एक, बांधलेला. अमृत योजनेचा पैसा पाणी-गटारांवरच खर्च करायचा, वित्त आयोगाचा बराचसा पैसा ठरलेल्या कामांवरच. हे भाऊबीजेच्या साडीसारखं आहे. साडी छान असते, पण ती दुकानात देऊन तेल आणता येत नाही. दुसरा पैसा आपल्या हातातला, हवा तिथे वापरता येणारा. पूर्वी शहरांना जकात होती. ती गेली, एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. बदल्यात सरकार अनुदान देतं, पण ते सरकारनं द्यायचं तेव्हा आणि तेवढं. शहराचं स्वतःचं म्हणावं असं मोठं उत्पन्न उरलं ते मुख्यतः घरपट्टीचं.

आता मुताऱ्यांचं बघा. हा शब्द सभेत उच्चारला की काही जणी पदर तोंडाला लावतात, पण बोलायलाच हवं. वऱ्हाडातल्या एका शहरात, नाव घेत नाही, बाजाराच्या मागे बायकांसाठी चांगलं टाइल्सचं शौचालय बांधलंय. मी तीन वेळा गेले, तिन्ही वेळा कुलूप. चावी कुणाकडे, कुणालाच माहीत नाही. समोर मेथी-सांभार घेऊन बसलेली बाई म्हणाली, "सकाळपासून पाणीच पेत नाही ना व माय, म्हणजे जावंच लागत नाही." बांधायला योजना मिळते. फीत कापायला पुढारी मिळतात. पण तिथे रोज पाणी लागतं, दिवा लागतो, झाडणारी बाई लागते आणि तिला दर महिन्याला पगार लागतो. तो पगार कोणतीही योजना वर्षानुवर्षं देत नाही. तो शहराच्या स्वतःच्या पैशातून जातो, आणि तो पैसा नसला की कुलूप लागतं.

पगाराचंच घ्या. अकोला महापालिकेत कर्मचाऱ्यांचे पगार महिनोन् महिने थकले, त्यासाठी संप झाले, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. सफाई खात्यात आपल्या किती बहिणी आहेत! नवऱ्याची दारू, मुलांची शाळा, सगळं एका पगारावर, आणि तोच थकलेला. २०१६ मध्ये अकोल्याची हद्द वाढून २४ गावं शहरात आली. मलकापूर, खडकी, उमरी, शिवणी ही त्यातलीच. कागदावर गाव शहर झालं, पण नळाची पाइपलाइन, गटार, दिवे त्याच दिवशी येत नाहीत. तोवर डोक्यावरचा हंडा बाईच्याच डोक्यावर राहतो.

मागच्या रांगेतून चुळबुळ ऐकू येतेय. "म्हणजे आमच्या टिनाच्या घराले पट्टी वाढवा म्हणता का ताई?" तसं मी म्हणत नाही. वाढ कुणावर किती, हेच तर आपण विचारायचं. झोपडीला काय दर आणि मंगल कार्यालयाला, व्यापारी संकुलाला काय दर? सगळ्यात मोठे शंभर थकबाकीदार कोण? मार्च जवळ आला की अभय योजना निघतात, थकबाकीवरचं व्याज माफ होतं. जी बाई पैसे जुळवून मुदतीत पट्टी भरते तिला काय मिळालं? गरिबाच्या नावानं घरपट्टीला विरोध होतो आणि खरा पैसा वाचतो तो तीन मजली घरवाल्याचा. या विरोधाच्या मोर्च्यात आपल्या बायांना पुढे उभं करतात, तेव्हा मला राग येतो.

अमरावतीत अजून एक गुंता आहे. इथलं पाणी येतं सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून, आणि ते देतं जीवन प्राधिकरण. पाण्यासाठी महापालिकेवर मोर्चा नेला तर तुम्हाला दुसऱ्या दारात पाठवतील. अकोल्यात काटेपूर्णेचं पाणी महापालिकाच देते. म्हणून कोणतं काम कुणाचं, ते आधी पक्कं करून घ्यायचं.

दोन्ही शहरांत मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं बजेट प्रशासकाच्या सहीनं मंजूर झालं. महिला व बालकल्याण समितीच नव्हती, तर विचारणार कुणाला? आता सभागृह आहे. १९९० मध्ये राज्यात बायकांना ३० टक्के जागा मिळाल्या, २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. अकोल्यात ८० पैकी ४०, अमरावतीत ८७ पैकी ४४. यातल्या काहींचे पती सभागृहाच्या दाराशी उभे असतात, ते असोत. मतदान हात वर करून करायचं असतं आणि हात तिचाच असतो.

महिला-बालकल्याणासाठी ५ टक्के निधी राखायचा असा नियम आहे. आपण त्या ५ टक्क्यांवर फार खूश असतो. पण भाकरच लहान असेल तर तिचा कुटका केवढा येणार? आणि त्यातूनही बहुतेकदा निघतं काय, तर शिवणयंत्र आणि ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण. शिवणयंत्राशी माझं भांडण नाही. पण एका वस्तीत किती जणी ब्लाउज शिवणार? त्याच पैशात पाळणाघर चालवता येईल का, असं विचारणारी नगरसेविका मला हवी आहे.

बजेटच्या पुस्तकात प्रत्येक कामापुढे रकाने असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाची तरतूद. पेपरात छापून येते ती तरतूद. आपण बघायचा तो प्रत्यक्ष खर्च. पुस्तक देत नाही म्हणाले तर माहिती अधिकारात अर्ज करायचा. कोरे नमुने मी आणले आहेत.

जेवणानंतर चार-चार जणींचे गट करू. वाचता येणारी एक तरी प्रत्येक गटात बसा. पहिल्यांदा जमेच्या बाजूचं घरपट्टीचं पान काढायचं, मागणी किती आणि वसुली किती ते पाहायचं. मग महिला व बालकल्याणाचं. पेन्सिली माझ्या पिशवीत आहेत.